तुमचा राजा कोण? रास्ताफारीचे पहिले प्रचारक लिओनार्ड हॉवेल

1933 सालची गोष्ट. जमैका बेटाच्या पूर्व टोकाला सेंट थॉमस नावाचा परगणा आहे. उसाचे आणि केळीचे मळे, मागे उंच निळसर डोंगर, पुढे समुद्र. या परगण्यातल्या गावांमधून एक पस्तिशीचा माणूस सभा घेत फिरत होता आणि सभा संपली की एक फोटो विकत होता. फोटोची किंमत एक शिलिंग. मळ्यात राबणाऱ्या मजुराला एक शिलिंग म्हणजे चिल्लर नव्हती, तरीही लोक पदराला खार लावून तो फोटो घेत होते, घरी नेऊन जपून ठेवत होते.

फोटो होता आफ्रिकेतल्या इथिओपियाच्या सम्राटाचा. एक काळा माणूस, राजवेशात, मान ताठ. जमैकातल्या बहुसंख्य लोकांचे पणजोबा-खापरपणजोबा आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणले गेले होते. शाळेच्या भिंतीवर, कचेरीत, नाण्यावर, पोस्टाच्या तिकिटावर त्यांना आजवर एकच राजा दिसत आला होता, इंग्लंडचा पंचम जॉर्ज. हा फोटो हातात देताना विकणारा एक प्रश्न विचारत होता: तुमचा राजा नक्की कोण?

विकणाऱ्याचं नाव लिओनार्ड पर्सिव्हल हॉवेल. रास्ताफारी धर्माचे पहिले प्रचारक म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं. या प्रश्नापायी त्यांना तुरुंग झाला, वेड्यांचं इस्पितळ झालं, उभं केलेलं गाव डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झालं.

आपल्याकडे ‘रास्ता’ म्हटलं की गोव्यात हणजूणच्या बुधवारच्या बाजारात टांगलेल्या लाल-पिवळ्या-हिरव्या टोप्या आठवतात, जटा आठवतात, गांजाचं पान आणि जमैकन गायक बॉब मार्लीचा चेहरा आठवतो. यातलं बरंचसं नंतर आलं. रेगे संगीत 1960च्या दशकाच्या अखेरीस जन्मलं. हॉवेल स्वतः कोटपँटमध्ये वावरायचे, त्यांनी जटा वाढवल्या नव्हत्या. सुरुवातीला होता तो फक्त हा राजाचा प्रश्न, आणि त्यामागे जमिनीचा, कराचा, मजुरीचा प्रश्न. मला हीच बाजू नीट मांडायची आहे, कारण टोपी आणि धूर यांच्या गर्दीत ती नेहमी हरवते.

आधी जमैकाची थोडी पार्श्वभूमी. इंग्रजांनी हे बेट 1655 मध्ये स्पेनकडून घेतलं आणि तिथे आफ्रिकी गुलामांच्या जिवावर साखरेचे मळे उभे केले. 1834 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण ‘उमेदवारी’ नावाखाली लोकांना आणखी चार वर्षं जुन्याच मालकांकडे राबवलं गेलं. खरी सुटका 1 ऑगस्ट 1838 ला झाली. सुटका झाली पण जमीन मिळाली नाही. गुलाम मोकळे झाले तेव्हा भरपाईचे पैसे मालकांना मिळाले, राबलेल्यांना छदामसुद्धा नाही. मग त्याच मळ्यावर, त्याच मुकादमाच्या हाताखाली, तुटपुंज्या मजुरीवर राबायचं हे ओघानेच आलं. मतदानाचा हक्क मालमत्तेला बांधलेला होता. प्रत्येक प्रौढाला मत मिळायला 1944 उजाडावं लागलं.

सेंट थॉमस परगण्याला याची एक खोल जखम होती. 1865 मध्ये पॉल बोगल या बाप्टिस्ट धर्मसेवकाने भाकरीचं आणि न्यायाचं गाऱ्हाणं घेऊन मोरांट बे या गावच्या कोर्टावर मोर्चा नेला. गोळीबार झाला, कोर्टाची इमारत जळाली. गव्हर्नर आयर यांनी लष्करी कायदा पुकारून चारशेहून अधिक माणसं मारली, घरं जाळली, बायाबापड्यांना फटके मारले. बोगल यांना त्याच जळक्या कोर्टापाशी फाशी दिलं. ज्यांच्या आजोबांनी हे पाहिलं होतं, ते लोक हॉवेल यांच्यासमोर बसत होते. शिवाय गुलामगिरी संपल्यावर मध्य आफ्रिकेतून कराराने आणलेले बरेच मजूर याच परगण्यात स्थायिक झाले होते. त्यांचा कुमिना हा ढोलाच्या तालावर पूर्वजांना आवाहन करणारा विधी इथे जिवंत होता. आफ्रिका इथे आजीच्या तोंडची गोष्ट होती.

आता खरी अवघड गोष्ट. इथिओपियाचा सम्राट म्हणजे साक्षात देव, असं माणसं मानायला लागली ती कशी? बाहेरून पाहणाऱ्याला हे चमत्कारिक वाटतं आणि तो हसून पुढे जातो. पण एकेक पायरी पाहिली तर त्यातली संगती दिसते.

गरीब जमैकन घरात पुस्तक असलंच तर ते बायबल, आणि तेही राजा जेम्सच्या काळातलं इंग्रजी भाषांतर. त्यात आफ्रिकेचा उल्लेख अनेकदा ‘इथिओपिया’ या नावाने येतो. स्तोत्रसंहितेच्या 68व्या स्तोत्रात म्हटलंय की मिसरातून सरदार येतील आणि इथिओपिया देवाकडे हात पसरील. (मराठी बायबल वाचणाऱ्यांना हा देश ‘कूश’ या नावाने माहीत असेल.) गुलामीतल्या माणसाने ही ओळ वाचली की त्याला ती आपल्यासाठीच लिहिलेली वाटायची. बायबलमधल्या त्या एकाच नावाने त्याला इतिहास मिळत होता, मान मिळत होता. अमेरिकेतल्या आणि कॅरिबियनमधल्या काळ्या चर्चमध्ये इथिओपियाला उद्देशून प्रवचनं होत होती, ती हॉवेल यांच्या जन्माच्याही आधीपासून.

त्यात मार्कस गार्वी आले. हेही जमैकाचेच, सेंट अ‍ॅन्स बे या गावचे. त्यांनी 1914 मध्ये किंग्स्टनला काळ्या लोकांच्या उन्नतीसाठी संघटना काढली, पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममधून ती जगभर पसरवली, काळ्यांच्या मालकीची जहाज कंपनीसुद्धा सुरू केली. गोऱ्यांनी देव गोरा रंगवला, तर आपण देवाला इथिओपियाच्या चष्म्यातून पाहू, ही त्यांची शिकवण. ‘आफ्रिकेकडे पाहा, तिथे काळा राजा अभिषिक्त होईल’ अशा अर्थाचं भाकीत त्यांच्या नावावर सांगितलं जातं. ते त्यांनी नेमकं कधी, कुठे केलं याचा पक्का पुरावा नाही, पण लोकांच्या स्मरणात ते पक्कं बसलेलं होतं.

मग 2 नोव्हेंबर 1930 हा दिवस उगवला. अदिस अबाबा इथे रास ताफारी मकोन्नेन यांचा राज्याभिषेक झाला. ‘रास’ म्हणजे सरदार, ताफारी हे त्यांचं नाव; रास्ताफारी हा शब्द इथूनच आला. अभिषेकानंतर त्यांनी हैले सेलासी हे नाव घेतलं, अर्थ ‘त्रैक्याचं सामर्थ्य’. किताब होते: राजांचा राजा, प्रभूंचा प्रभू, यहूदा वंशाचा विजयी सिंह. इथिओपियाचं राजघराणं स्वतःची वंशावळ राजा शलमोन आणि शबाची राणी यांच्यापर्यंत नेत असे, त्यामुळे तिथे हे किताब परंपरेने चालत आलेले होते. पण जमैकातल्या बायबल वाचणाऱ्याने हेच शब्द प्रकटीकरणाच्या पुस्तकात, ख्रिस्त परत येईल त्या वर्णनात, वाचलेले होते. पाचव्या अध्यायात यहूदा वंशाचा सिंह, एकोणिसाव्या अध्यायात राजांचा राजा. ते किताब धारण केलेला जिवंत काळा माणूस आता फोटोत दिसत होता!

वरून आणखी एक गोष्ट घडली होती. अभिषेकाला पंचम जॉर्जने आपला मुलगा, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, याला भेटी देऊन पाठवलं होतं. राजनैतिक शिष्टाचाराचा भाग. पण ज्यांना जन्मभर इंग्लंडच्या राजापुढे वाकायला शिकवलं, त्यांच्यासाठी त्या राजाचा मुलगा काळ्या राजाच्या दारी भेटी घेऊन गेला, हा केवढा मोठा उलटफेर! हॉवेल यांनी पुढे लिहिलेल्या पुस्तिकेत ड्यूक सम्राटाच्या हाती सत्तावीस इंची सोन्याचा राजदंड देतो, असा प्रसंग रंगवला आहे. राजदंड एका हातातून दुसऱ्या हातात गेला, म्हणजे सत्ता गेली. अक्षरशत्रू माणसालाही कळेल असं ते चित्र होतं.

इथिओपिया आपल्याला वाटतो तितका परका नाही. आपला ‘हबशी’ हा शब्द अ‍ॅबिसिनियाच्या अरबी नावावरून, ‘हबश’वरून आलाय, आणि अ‍ॅबिसिनिया म्हणजे इथिओपियाच. अहमदनगरची निजामशाही सांभाळणारा आणि खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) शहर वसवणारा मलिक अंबर तिथलाच, गुलाम म्हणून विकला गेलेला. म्हणून या फोटोतल्या चेहऱ्याशी मराठी वाचकाचं अगदीच नातं नाही असं मला वाटत नाही.

हॉवेल यांचा जन्म 16 जून 1898 चा, क्लॅरेंडन परगण्यातल्या डोंगराळ गावात. वडील शेती आणि शिंपीकाम करायचे, आई शेतमजुरी करायची. दहा भावंडांत हे थोरले. घर अँग्लिकन पंथाचं. त्या पिढीतल्या हजारो जमैकन तरुणांसारखे तेही तरुणपणी पनामाला गेले, मग जहाजावर खानसामा म्हणून काम करत अमेरिकेला. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये त्यांनी चहाचं दुकान चालवलं. गार्वी यांच्या चळवळीचा तिथे भर होता, भाषणं, मिरवणुका, वर्तमानपत्रं. हॉवेल त्या हवेतच वाढले. तिथे त्यांना तुरुंगवासही झाला आणि 1932 च्या अखेरीस अमेरिकेने त्यांना हद्दपार करून मायदेशी पाठवलं.

ते परतले तेव्हा जगभर मंदी होती. क्युबा, पनामा, अमेरिका, सगळीकडून जमैकन मजूर कामं सुटून परत येत होते. हॉवेल यांनी आधी किंग्स्टनमध्ये, बाजाराच्या मोकळ्या जागेत प्रचार केला. तिथे फारसं कुणी ऐकलं नाही. गार्वी तेव्हा जमैकातच होते, त्यांनी आपल्या सभास्थानी सेलासींचे फोटो विकायला हॉवेल यांना मज्जाव केला. रास्ताफारी मंडळी ज्यांना प्रेषित मानतात, त्या गार्वी यांना हा पंथ पटला नव्हता आणि पुढे त्यांनी सेलासींवर जाहीर टीकाही केली. इतिहासात असं पुष्कळदा होतं, की बी पेरणाऱ्याला झाड ओळखू येत नाही.

मग हॉवेल सेंट थॉमसला गेले. एप्रिल 1933 मध्ये ट्रिनिटीव्हिल गावच्या सभेला दोनेकशे माणसं होती, आणि त्यांच्यात पोलीसही होते, टिपणं घेत. त्याच सुमारास जोसेफ हिबर्ट, आर्चिबाल्ड डंकली हे दोघं स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोचले होते आणि प्रचार करत होते. रॉबर्ट हाइंड्स हॉवेल यांचे साथीदार झाले. म्हणजे हे एका माणसाच्या डोक्यातलं खूळ नव्हतं, ती कल्पना हवेतच होती.

सभेत हॉवेल काय सांगत? इंग्लंडचा राजा तुमचा राजा नाही, तुमचा राजा रास ताफारी. मग इंग्रज सरकारला कर का द्यायचा? जमीनदाराला खंड का द्यायचा? सरकारचे कान टवकारले ते इथे. कुणी कुठल्या देवाला मानतं याच्याशी वसाहतीच्या सरकारला फारसं देणंघेणं नव्हतं. कर थांबला तर मात्र होतं. त्यातच हा फोटो म्हणजे आफ्रिकेला जायचा परवाना आहे, लवकरच जहाजं येतील, अशी समजूत लोकांत पसरली. फोटोच्या पाच हजार प्रती खपल्याचं सांगतात.

हॉवेल यांच्या शिकवणीतला कडवट भागही सांगायला हवा, तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या काळच्या नोंदींत त्यांची जी तत्त्वं दिली आहेत, त्यांत काळ्यांचं श्रेष्ठत्व आहे, गोऱ्यांचा द्वेष आहे, सूडाची भाषा आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्या पाठीवर चाबूक उठले त्यांच्या नातवंडांची ती भाषा होती, हे समजून घेता येतं. तरी द्वेष तो द्वेषच. पुढच्या पिढ्यांतल्या बहुतेक रास्ताफारींनी तो मागे टाकला, रंगापेक्षा अन्यायाला शत्रू मानलं आणि त्या अन्यायी व्यवस्थेला बायबलमधलं ‘बॅबिलॉन’ हे नाव दिलं.

डिसेंबर 1933 मध्ये सीफोर्थ गावात केलेल्या भाषणावरून हॉवेल आणि हाइंड्स यांच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. मार्च 1934 मध्ये तो मोरांट बेच्या कोर्टात उभा राहिला. जिथे बोगल यांना फासावर लटकवलं, तिथेच पुन्हा बांधलेलं कोर्ट. समोर खुद्द जमैकाचे सरन्यायाधीश रॉबर्ट लायल ग्रँट. हॉवेल यांनी वकील केला नाही, आपली बाजू आपणच मांडली. त्यांनी तो फोटो कोर्टासमोर ठेवला, बायबलमधली वचनं काढून दाखवली आणि प्रकटीकरणात सांगितलेला राजा हाच, असं भर न्यायासनासमोर सांगितलं. ‘डेली ग्लीनर’ या वर्तमानपत्राने खटल्याच्या बातम्या सविस्तर छापल्या. गावच्या सभेत दोनशे लोकांनी ऐकलेलं म्हणणं त्यामुळे बेटभर पोचलं. हॉवेल यांना दोन वर्षं आणि हाइंड्स यांना एक वर्ष तुरुंगवास झाला.

हॉवेल यांची पुस्तिका 1935 च्या सुमारास निघाली. तिच्यातला बराच मजकूर आधीच्या एका जमैकन प्रचारकाच्या, फिट्झ बॅलिंटाइन पीटर्सबर्ग यांच्या लेखनातून सरळ घेतलेला आहे. लेखक म्हणून मात्र तिच्यावर नाव आहे जी. जी. मराघ. पूर्ण नाव गंगुनगुरू मराघ. मराठी माणसाला हे नाव वाचताक्षणी काहीतरी ओळखीचं वाटतं, नाही का? ‘मराघ’ म्हणजे महाराज. आधीच्या भागात काही अभ्यासक ज्ञान, गुण आणि गुरू हे शब्द वाचतात. जमैकातल्या काळ्या ख्रिस्ती घरातल्या माणसाने स्वतःला ‘गुरू महाराज’ का म्हणवून घेतलं असेल?

त्याचं उत्तर उसाच्या मळ्यात आहे. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते. 10 मे 1845 ला ‘ब्लंडेल हंटर’ नावाचं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बे बंदरात भारतातल्या अडीचशेहून अधिक गिरमिट्यांना, म्हणजे करारबद्ध मजुरांना, घेऊन पोचलं. 1917 पर्यंत असे सुमारे छत्तीस हजार भारतीय तिथे गेले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहार भागातले, कलकत्त्याहून चढलेले, काही मद्रासकडचे. क्लॅरेंडन, सेंट थॉमस या परगण्यांत ते काळ्या मजुरांच्या शेजारी, तसल्याच खोपटांत राहिले. त्यांच्याबरोबर त्यांचे शब्द गेले. जमैकन बोलीत आजही गांजाला ‘गांजा’च म्हणतात, चिलमीला ‘चिलम’. उत्तम प्रतीच्या गांजाला ‘काली’ म्हणतात, त्यात कालीमातेचं नाव असावं असं मानतात. जटाधारी साधू, देवाला धूर अर्पण करणं, गुरूला महाराज म्हणणं, हे सगळं जमैकातल्या माणसाने शेजाऱ्याच्या अंगणात पाहिलेलं होतं. रास्ताफारीवर हिंदू परंपरेचा ठसा किती खोल, यावर अभ्यासकांत वाद आहेत. जटांचं मूळ काही जण साधूंमध्ये शोधतात, काही बायबलमधल्या केस न कापण्याच्या नाझीर व्रतात, तर काही आफ्रिकेत. पण गांजाचा शब्द आणि ‘महाराज’ ही पदवी कुठून आली याबद्दल शंका उरत नाही. 1913 मध्ये जमैकात गांजावर बंदी आली, तेव्हा तो मुख्यतः भारतीय मजुरांचाच म्हणून ओळखला जात होता. एका घामेजल्या, हलाखीच्या शेजारातून दोन गुलाम जगांचं काहीतरी एकमेकांत मिसळलं, ही गोष्ट मला या साऱ्या कथेत सर्वांत हृद्य वाटते.

ऑक्टोबर 1935 मध्ये मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला. जून 1936 मध्ये सेलासी जिनिव्हाच्या राष्ट्रसंघात उभे राहून दाद मागत होते आणि जग गप्प बसलं होतं. जमैकात याने हॉवेल यांच्या श्रोत्यांची संख्या वाढली. तुरुंगातून सुटून आलेल्या हॉवेल यांना आता गप्प कसं करायचं? राजद्रोहाच्या खटल्याने उलट प्रसिद्धी झाली होती. सरकारने दुसरा मार्ग काढला. 1938 मध्ये त्यांना किंग्स्टनच्या बेलव्ह्यू मनोरुग्णालयात टाकलं, आणि पुढेही हे पुन्हा घडलं. कोर्टात माणसाला बोलता येतं, पुरावा मागता येतो. वेडा ठरवलेल्या माणसाच्या बोलण्याला कुणी उत्तरही देत नाही. कामगारांचे नेते अलेक्झांडर बुस्टामांटे, जे पुढे स्वतंत्र जमैकाचे पहिले पंतप्रधान झाले, त्यांनीसुद्धा 1939 मध्ये सरकारला पत्र लिहून हॉवेल देशाच्या शांततेला धोका आहेत, त्यांची जागा वेड्यांच्या इस्पितळातच आहे, असं कळवलं. गोऱ्या सरकारला आणि नव्या देशी पुढाऱ्यांना एकाच वेळी खुपणारा माणूस होता हा.

मग हॉवेल यांनी भाषणापेक्षा मोठं पाऊल उचललं. 1940 मध्ये त्यांनी सेंट कॅथरीन परगण्यात, स्लायगोव्हिलजवळच्या डोंगरावर, सुमारे चारशे एकरांची एक जुनी जहागीर घेतली. नाव पिनॅकल, म्हणजे शिखर. जागा निवडली तीही मोठी अर्थपूर्ण. स्लायगोव्हिल हे जमैकातलं पहिलं ‘मुक्त गाव’, जेम्स फिलिपो या बाप्टिस्ट मिशनऱ्याने 1835 मध्ये जमीन घेऊन, सुटणाऱ्या गुलामांना तिचे तुकडे देता यावेत म्हणून वसवलेलं. शंभर वर्षांनी त्याच डोंगरावर हॉवेल यांचे लोक चढत होते. कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी.

वर माथ्यावर दगडी मोठं घर, तिथे हॉवेल. खाली उतारावर मातीच्या कुडाच्या झोपड्या. काही शेकडा माणसांपासून सुरुवात झाली आणि भरात असताना हजारोंची वस्ती झाली. लोक सुरण-कोनफळासारखे कंद लावत, भाज्या लावत, कोळसा पाडत. कोळसा पाडणं हे मोठं धीराचं काम. ओंडके रचायचे, वर गवत आणि माती लिंपायची, आत विस्तव घालायचा आणि मग रात्रंदिवस पहारा द्यायचा, कारण मातीला कुठे भेग पडून हवा शिरली की सगळ्या लाकडाची राख होते. धूर कुठून आणि कोणत्या रंगाचा निघतो त्यावरून आत काय चाललंय ते ओळखायचं. किंग्स्टनच्या चुली तेव्हा कोळशावर चालत, त्यामुळे गिऱ्हाईक कायम. पिनॅकलची स्वतःची बेकरी होती. आणि नगदी पीक होतं गांजा. संध्याकाळी ढोल वाजत, गाणी होत. हॉवेल यांना लोक ‘गाँग’ म्हणत.

मळ्याच्या मुकादमाचं तोंड न पाहता जगता येतं, हे इथे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसलं. पिनॅकलमध्ये सगळं आलबेल होतं असं मात्र नाही. हॉवेल यांचा शब्द तिथे अखेरचा होता, काही जण पुढे त्यांनाच दैवी मानू लागले. आसपासच्या शेतकऱ्यांनी मारहाणीच्या तक्रारी केल्या, कर सरकारला न देता हॉवेल यांना द्या अशी दमदाटी होते असंही सांगितलं. जुलै 1941 मध्ये पहाटे पोलिसांनी डोंगराला वेढा घातला आणि सत्तरच्या आसपास माणसं पकडली. हॉवेल काही दिवसांनी सापडले. पुन्हा दोन वर्षं. 1943 मध्ये परतल्यावर त्यांनी पिनॅकलवर रखवालदार नेमले. हे रखवालदार केस न कापता जटा राखत असत, म्हणून काही अभ्यासक रास्ता जटांची सुरुवात इथे मानतात. तर काहींच्या मते ती 1940च्या दशकाच्या अखेरीस किंग्स्टनच्या तरुण रास्तांमध्ये झाली.

शेवटचा घाव मे 1954 मध्ये बसला. पोलिसांची मोठी फौज डोंगरावर चढली, शंभराहून अधिक लोकांना अटक झाली, गांजाची सारी लागवड उपटून जाळली. जमिनीच्या मालकीच्या कागदांचा वाद आधीच होता. पुढच्या काही वर्षांत उरल्यासुरल्यांनाही हुसकावून लावलं.

सरकारला वाटलं प्रश्न मिटला. झालं उलटंच. पिनॅकलहून निघालेली माणसं किंग्स्टनच्या झोपडपट्ट्यांत, बॅक-ओ-वॉलमध्ये, ट्रेंचटाउनमध्ये जाऊन राहिली. जे डोंगरावर एका कुंपणात होतं, ते राजधानीच्या गल्लीबोळांत पसरलं. ट्रेंचटाउनच्याच गल्लीत वाढलेल्या काही पोरांनी पुढे ते गाण्यातून जगभर नेलं.

त्यानंतरची वाट सोपी नव्हती. 1963 मध्ये माँटेगो बेजवळ कोरल गार्डन्स इथे झालेल्या हिंसाचारानंतर पोलिसांनी दिसेल त्या रास्ताला पकडलं, मारलं, जटा कापल्या. जमैकाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती 2017 मध्ये. 21 एप्रिल 1966 ला खुद्द हैले सेलासी जमैकाला आले तेव्हा विमानतळावर एवढी गर्दी लोटली की सम्राटांना विमानाच्या दारातून काही वेळ बाहेरच पडता आलं नाही. सेलासी स्वतः इथिओपियाच्या सनातनी ख्रिस्ती चर्चचे होते, आपण देव असल्याचा दावा त्यांनी कधी केला नाही. तरी आफ्रिकी वंशाच्या ज्या लोकांनी इटलीविरुद्धच्या लढ्यात साथ दिली, त्यांच्यासाठी शासमने इथे जमीन त्यांनी 1948 मध्ये देऊ केली होती. तिथे आजही जमैकातून गेलेली काही रास्ता कुटुंबं राहतात. 1974 मध्ये सैन्याने सेलासींना पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी ते वारले. अनेक रास्तांनी त्या मृत्यूवर विश्वास ठेवला नाही. ज्याला देव मानलं तो असा मरत नसतो.

हॉवेल 1981 च्या सुरुवातीला किंग्स्टनमध्ये गेले. फारशी कुणी दखल घेतली नाही. त्यानंतर काही महिन्यांनी, 11 मे ला, बॉब मार्ली गेले. त्यांना जमैकाने शासकीय इतमामाने निरोप दिला. मार्ली यांचं टोपणनाव ‘टफ गाँग’. ते हॉवेल यांच्या ‘गाँग’वरूनच आलं असं म्हणतात.

2015 मध्ये जमैकाने कायदा बदलला. थोडा गांजा बाळगणं गुन्हा राहिलं नाही आणि रास्ताफारींना धार्मिक विधीसाठी त्याचा वापर करायला मोकळीक मिळाली. 2022 मध्ये हॉवेल यांना मरणोत्तर ‘ऑर्डर ऑफ डिस्टिंक्शन’ हा राष्ट्रीय सन्मान जाहीर झाला. जमैका 1962 मध्ये स्वतंत्र झाला, तरी तेव्हाही घटनेनुसार त्याचं राष्ट्रप्रमुखपद ब्रिटनच्या गादीकडेच होतं. देशाला प्रजासत्ताक करून ते पद काढून घेण्याचं विधेयक जमैकाच्या संसदेत मांडलं गेलं ते डिसेंबर 2024 मध्ये, सीफोर्थच्या त्या सभेनंतर एक्क्याण्णव वर्षांनी.